फाइल दापोलीला, माणूस कर्जतला

कर्जतला भातावरच्या संशोधनाचं केंद्र १९१९ साली सुरू झालं. कोकण कृषी विद्यापीठ दापोलीला स्थापन झालं ते १९७२ साली. म्हणजे केंद्र विद्यापीठापेक्षा ५३ वर्षांनी वडील. आज हे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली चालतं. कर्जत-१८४, कर्जत-३, कर्जत-७ या भाताच्या जाती इथल्या. १९९८ साली आलेला ‘सह्याद्री’ हा संकरित भातही इथलाच.

भाताची नवी जात एका हंगामात हाती येत नाही. आधी संकर करायचा, मग पिढ्यान्‌पिढ्या निवड करत जायचं, मग वेगवेगळ्या ठिकाणी चाचण्या घ्यायच्या. यात दहा-बारा वर्षं सहज निघून जातात. तेवढ्यात एम.एस्सी.च्या कितीतरी तुकड्या येतात आणि पदवी घेऊन जातात. चिखलात उभं राहून कुणी फुटवे मोजतं, कुणी लोंबीची लांबी मापतं, कुणी हजार दाण्यांचं वजन करतं. मोजणारा हात दर दोन वर्षांनी बदलतो, पण पहिल्या वर्षीचा आकडा अकराव्या वर्षीच्या आकड्याशेजारी ठेवता आला पाहिजे. नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

हे आकडे पूर्वी नोंदवहीत असत, पुढे कुणाच्या तरी संगणकात गेले, मग पेनड्राइव्हमध्ये. पेनड्राइव्ह खिशातून पडतो, धुवायच्या पँटीबरोबर बादलीत जातो, कुणीतरी ‘दोन मिनिटांसाठी’ नेतो तो परत येत नाही. म्हणून जगभरची विद्यापीठं विद्यार्थी-प्राध्यापकांना नेटवर्कवर फाइली ठेवायला जागा देतात. फाइल विद्यापीठाच्या सर्व्हरवर राहते, माणूस कुठूनही लॉगिन करतो.

ही सोय समजून घेण्यासाठी एक उदाहरण धरू. समजा, एक विद्यार्थिनी कर्जतच्या शेतात नोंदी घेते आहे, तिचे मार्गदर्शक सर दापोलीला बसतात आणि सर्व्हरही तिथेच आहे. मध्ये अख्खा रायगड जिल्हा. उदाहरण भाताचं घेतलं, तरी कर्जतच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात प्रोजेक्ट करणाऱ्याला किंवा खालापूरहून रोज लोकलने मुंबईच्या कॉलेजात जाणाऱ्यालाही ते तसंच लागू पडेल. नेटवर्कवरच्या कुठल्याही फाइलीबद्दल तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: मूळ फाइल कुठे आहे, तिला हात लावायची मुभा कुणाला आहे आणि तिची दुसरी प्रत कुठे आहे. बहुतेक घोटाळे यांपैकी एखादी गोष्ट गृहीत धरल्यामुळे होतात.

मूळ कुठे आहे?

विद्यापीठाची जागा दोन तऱ्हांनी आपल्यासमोर येते, आणि पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात.

पहिली तऱ्हा नेटवर्क ड्राइव्हची. विंडोजमध्ये ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ निवडायचं, दोन उलट्या तिरप्या रेघांनी सुरू होणारा पत्ता टाकायचा (उदाहरणार्थ, \\सर्व्हर\विभाग\भात), लॉगिन द्यायचं. ‘सी’ आणि ‘डी’च्या खाली ‘झेड’ नावाचा नवा ड्राइव्ह उगवतो. त्यातली फाइल उघडली, की ती सर्व्हरवरचीच मूळ फाइल असते. दुसरी तऱ्हा सिंकची: गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह, नेक्स्टक्लाउड. यात फाइलीची एक प्रत आपल्या संगणकावर उतरते, आपण त्या प्रतीवर काम करतो आणि प्रोग्रॅम मागच्या मागे दोन्ही प्रती जुळवत राहतो. वाचनालयात संदर्भ विभागातलं पुस्तक तिथेच बसून वाचायचं असतं आणि देवघेव विभागातलं घरी नेता येतं, तसा हा फरक.

दोन्हींची मुळं चाळीसेक वर्षांपूर्वीची. विंडोजचे संगणक सर्व्हरशी ज्या रीतीने बोलतात त्या एसएमबीचा पाया आयबीएममध्ये १९८३ साली घातला गेला. सन मायक्रोसिस्टिम्सची एनएफएस १९८४ची. त्याच सुमारास अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठाने आयबीएमच्या मदतीने एक मोठा घाट घातला होता. विद्यार्थ्याने आवारातल्या कुठल्याही संगणकावर बसावं आणि त्याला स्वतःच्या फाइली समोर दिसाव्यात. त्यातून अँड्र्यू फाइल सिस्टिम तयार झाली. तिच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक महादेव सत्यनारायणन. ते आयआयटी मद्रासचे विद्यार्थी.

या मंडळींची युक्ती सोपी होती. फाइल उघडली की ती अख्खी आपल्या संगणकावर आणून ठेवायची आणि बंद केली की बदल सर्व्हरला कळवायचे. त्यामुळे दर ओळीगणिक सर्व्हरकडे धाव घ्यावी लागत नाही. पण मधलं नेटवर्कच बंद पडलं तर? या प्रश्नामागे लागून सत्यनारायणन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७पासून ‘कोडा’ ही पुढची यंत्रणा उभारली. कोणत्या फाइली आपल्याला लागणारच आहेत याची यादी माणसाने आधी देऊन ठेवायची. यंत्रणा त्या फाइली अगोदरच जवळ साठवते, नेटवर्क गेलं तरी काम चालू राहतं आणि ते परत आलं की हिशेब जुळवला जातो. आज वनड्राइव्हच्या फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडतो, तेव्हा आपण हीच यादी देत असतो.

कर्जत-खालापुरात पावसाळ्यात वीज आणि रेंज यांचा भरवसा धरून कुणी काम करत नाही. इथल्या माणसाने शनिवार-रविवारच्या कामाच्या फाइली शुक्रवारीच उतरवून ठेवाव्यात. पडद्यावर फाइलीचं नाव दिसतं म्हणजे फाइल जवळ आहे असं नसतं. वनड्राइव्हमध्ये नावापुढे निळा ढग असेल तर तिथे नुसतं नाव आहे, आतला मजकूर अजून सर्व्हरवरच आहे. हिरवी बरोबरची खूण दिसली तर फाइल खाली उतरली आहे.

घरून हळू का चालतं?

विभागात बसून झटपट उघडणारा ‘झेड’ ड्राइव्ह कर्जतच्या खोलीवरून मुळीच दिसत नाही, ही पहिली तक्रार. त्याला कारण आहे. एसएमबीची बोलणी ४४५ क्रमांकाच्या पोर्टवरून चालतात. १२ मे २०१७ रोजी पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने एसएमबीच्या जुन्या आवृत्तीतल्या फटीतूनच जगभरचे संगणक गाठले होते. त्यामुळे हे पोर्ट उघड्या इंटरनेटवर मोकळं ठेवणं म्हणजे चोराला आवतण. अनेक इंटरनेट कंपन्या ते वाटेतच अडवतात आणि विद्यापीठंही बाहेरून येणाऱ्याला तिथून आत घेत नाहीत. म्हणून आधी विद्यापीठाचं व्हीपीएन चालू करावं लागतं. त्याने आपल्या संगणकापासून विद्यापीठापर्यंत एक कुलूपबंद वाट तयार होते, आणि संगणक आवारात असल्यासारखा धरला जातो. क्रम पाळायचा: आधी व्हीपीएन, मग ड्राइव्ह.

दुसरी तक्रार वेगाची. ‘माझं नेट शंभर एमबीपीएसचं आहे, तरी फोल्डर उघडायला एवढा वेळ?’ इथे वेगापेक्षा फेऱ्या महत्त्वाच्या असतात. नेटवर्क ड्राइव्हवरची एक फाइल घ्यायची तर संगणक सर्व्हरला विचारतो: आहे का, मला मुभा आहे का, दे, आता बंद कर. समजा अशा चार फेऱ्या झाल्या. आवारात एका फेरीला १ मिलिसेकंद लागतो असं धरू, तर मोबाइलच्या नेटवरून कर्जतहून ६०. आता शेतातल्या रोपांचे २,००० फोटो उचलायचे आहेत. आवारात फेऱ्यांमध्ये ८ सेकंद जातील. कर्जतहून ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं. हे नुसतं विचारपुशीचं झालं, फोटो यायचा वेळ वेगळा. इंटरनेटचा महागडा प्लॅन घेतला तरी या ८ मिनिटांत फारसा फरक पडत नाही.

उपाय स्वस्त आहे. ते २,००० फोटो सर्व्हरवर ठेवतानाच एका झिप फाइलीत बांधायचे. दोन हजारांची विचारपूस एकावर येते. मोठं विश्लेषण थेट ‘झेड’वर चालवायचं नाही; फाइल आपल्या डिस्कवर आणायची, काम करायचं, निकाल परत ठेवायचा. वर्डची मोठी फाइल थेट नेटवर्क ड्राइव्हवर उघडून बसलो आणि सेव्ह करतानाच व्हीपीएन तुटलं, तर फाइल अर्धवट लिहिली जाण्याचा धोका असतो. पावसाळ्यात तर हे हमखास.

मुभा कुणाला आहे?

एकाच फाइलीत दोघांनी एकाच वेळी लिहायचं ठरवलं तर काय होतं, ते मूळ कुठे आहे त्यावर ठरतं.

नेटवर्क ड्राइव्हवर सरांनी दापोलीत एक्सेलची फाइल उघडली, की सर्व्हर तिला कुलूप लावतो. कर्जतहून विद्यार्थिनीने तीच उघडली तर ‘रीड ओन्ली’ असा निरोप येतो. त्या फोल्डरमध्ये ~$ या चिन्हांनी सुरू होणारी एक छोटी फाइलही कधीकधी दिसते. ती कचरा नसते. फाइल कुणी उघडली आहे याची ती नोंद असते. फाइल बंद झाली की ती आपोआप जाते. कुणी फाइल उघडी ठेवूनच जेवायला गेलं, तर बाकीचे ताटकळतात.

सिंकमध्ये असं कुलूप बहुधा नसतं. दोघांच्या हातात वेगवेगळ्या प्रती असतात, दोघंही नेटशिवाय लिहितात, आणि नेट आलं की यंत्रणेला कळतं की बदल दोन्हीकडे झाले आहेत. कुणाचे खरे, हे तिला ठरवता येत नाही. मग ती दोन्ही ठेवते, एकीच्या नावात ‘कॉन्फ्लिक्टेड कॉपी’ असं काहीतरी जोडते आणि गप्प बसते. ती दुसरी फाइल पाहायची सवय नसेल, तर खरिपाच्या अर्ध्या नोंदी एकीत आणि अर्ध्या दुसरीत राहतात. ते ध्यानात येतं प्रबंध लिहायला बसल्यावर.

मुभेच्या मुख्य पायऱ्या दोन: नुसतं वाचायची आणि लिहायचीही. लिहायची मुभा म्हणजे पुसायचीही मुभा, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून शेतातून आलेल्या मूळ नोंदींचं फोल्डर वेगळं करून सर्वांसाठी वाचण्यापुरतंच ठेवावं. आकडेमोड, आलेख, मसुदे यांचं फोल्डर निराळं. तिथे काय तो धुडगूस घालावा. आणि मुभा माणसाच्या नावावर देण्यापेक्षा गटाच्या नावावर द्यावी: ‘भात प्रकल्प’ असा गट, त्यात यंदाची तुकडी. तुकडी बदलली की गटातली नावं बदलायची, शेकडो फोल्डरना हात लावायचा नाही.

‘लिंक असलेल्या कुणालाही’ हा पर्याय सर्वांत सोयीचा आणि सर्वांत घातक. ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेली, की फाइल कुणाकुणाकडे पोचली याचा पत्ता लागत नाही. शेतकऱ्यांची नावं, गट क्रमांक, मोबाइल नंबर असलेली सर्वेक्षणाची फाइल अशा लिंकवर कधीही ठेवू नये.

दुसरी प्रत कुठे आहे?

नेटवर्क ड्राइव्हवरची फाइल ‘डिलीट’ केली, की ती आपल्या संगणकाच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही. ती सरळ पुसली जाते. हे ज्याला पहिल्यांदा कळतं त्याला घाम फुटतो. वाचवणारी गोष्ट एकच: बहुतेक सर्व्हर ठरावीक वेळाने स्नॅपशॉट घेतात. फोल्डरवर उजवी टिचकी मारून ‘रिस्टोअर प्रीव्हियस व्हर्जन्स’ पाहायचं. कालची, परवाची फाइल तिथून परत घेता येते. आपल्या सर्व्हरवर हे स्नॅपशॉट किती दिवस टिकतात, हे संगणक केंद्रात आधीच विचारून ठेवावं, फाइल गेल्यावर नव्हे.

सिंक म्हणजे बॅकअप, हा दुसरा गैरसमज. सिंक इमानदार असतो. आपण पुसलं की तो सगळीकडून पुसतो. खंडणीखोर व्हायरसने आपल्या संगणकावरच्या फाइली कुलूपबंद केल्या तर सिंक त्या कुलूपबंद फाइलीच वर चढवतो, आणि जोडलेला ‘झेड’ ड्राइव्हही व्हायरसच्या तावडीत येतो.

मोठमोठ्या ठिकाणीही हे घडतं. जपानच्या क्योटो विद्यापीठात डिसेंबर २०२१मध्ये महासंगणकाच्या साठवणीचा बॅकअप घेणारा प्रोग्रॅम चालू असतानाच त्याची सुधारित आवृत्ती त्याच्यावर चढवली गेली. चालत्या प्रोग्रॅमने अर्धा जुना, अर्धा नवा मजकूर वाचला. त्यातली एक जागा रिकामी निघाली, आणि जुन्या नोंदी पुसण्याऐवजी तो संशोधकांच्याच फाइली पुसत सुटला. १४ ते १६ डिसेंबरच्या दरम्यान ७७ टेराबाइट, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फाइली गेल्या. १४ संशोधन गटांना झळ बसली; त्यांतल्या ४ गटांचा डेटा परत मिळणं शक्यच नव्हतं. राखायला ठेवलेल्या प्रोग्रॅमनेच घात केला, आणि ज्यांची प्रत दुसरीकडे होती तेवढेच तरले.

छायाचित्रकारांच्या जगातून आलेला ३-२-१ हा नियम म्हणून सांभाळावा: तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. ‘दुसरं ठिकाण’ म्हणजे शेजारची खोली नव्हे, हे कोकणाला वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५च्या पावसाने मुंबईपासून महाडपर्यंत एकाच वेळी दाणादाण उडवली. जुलै २०१९मध्ये कर्जतवरून खाली जाणाऱ्या उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली. जुलै २०२१मध्ये महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले. कर्जतची उल्हास आणि खालापूरची पाताळगंगा एकाच पावसात फुगतात. एक प्रत विभागात आणि दुसरी त्याच गावातल्या खोलीवर ठेवली, तर एकच पूर दोन्ही घेऊन जाईल. दोन्ही प्रती एकाच खोऱ्यात नकोत.

बरं, ‘क्लाउड’वर ठेवलं म्हणजे आभाळात ठेवलं असंही नाही. क्लाउड कुठल्या तरी इमारतीतच असतो. २०१५ साली मायक्रोसॉफ्टने आपली भारतातली डेटा सेंटरं पुणे, मुंबई आणि चेन्नई भागांत उघडली. २०२० साली खालापूरच्या शेजारच्या पनवेल तालुक्यात योट्टा कंपनीचं एनएम१ हे भलंमोठं डेटा सेंटर सुरू झालं. खालापूरचा विद्यार्थी ज्याला दूरचं आभाळ समजतो, ते कदाचित एक्स्प्रेसवेवरून दिसण्याइतकं जवळ असेल.

नाव आणि जागा

फाइल शाबूत आहे, पण सापडत नाही, किंवा सापडली तरी कळत नाही, हेही फाइल हरवण्यासारखंच. ‘कर्जत_फायनल_नवीन_सरांनी बघितलेली’ या नावातून काय समजायचं? महाराष्ट्रात कर्जत दोन: एक रायगडातलं, एक अहिल्यानगर जिल्ह्यातलं. एकीकडे भात, दुसरीकडे ज्वारी. नावातच जिल्हा, पीक, हंगाम आणि तारीख असावी, आणि तारीख वर्षापासून सुरू करावी: २०२४-०७-१५. मग फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. १५/०७/२०२४ असं विंडोजमध्ये लिहिताच येत नाही. तिरप्या रेघेला फाइलीच्या नावात बंदी आहे.

मराठीत नाव द्यायला हरकत नाही, पण दोन खाचखळगे आहेत. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत तीन बाइट घेतं आणि त्यात काना, मात्रा, हलन्तही वेगळे मोजले जातात. ‘कर्जत’ एवढ्या शब्दाला १५ बाइट लागतात. बऱ्याच लिनक्स सर्व्हरवर फाइलीच्या नावाची मर्यादा २५५ बाइट असते. म्हणजे ८५ चिन्हं झाली की नाव संपलं. दुसरं, ‘दऱ्या’, ‘खोऱ्या’ यांतला ऱ दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच अखंड अक्षर म्हणून किंवा र आणि खाली नुक्ता असे दोन तुकडे म्हणून. दिसायला हुबेहूब, संगणकाला मात्र दोन वेगळी नावं. मग एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फाइली दिसतात आणि शोधायला गेलं तर एकच सापडते. आणि युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेल्या जुन्या फाइली? तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसते. अशा फाइली ज्या संगणकावर अजून नीट उघडतात तिथून आताच युनिकोडमध्ये बदलून आणि पीडीएफ करून ठेवाव्यात.

जागाही अमर्याद नसते. विद्यापीठांना अमर्याद जागा फुकट देणाऱ्या गूगलने फेब्रुवारी २०२१मध्ये जाहीर केलं की यापुढे अख्ख्या संस्थेला मिळून १०० टेराबाइट. २०२२पासून ते लागू झालं. त्यानंतर जगभरच्या संगणक केंद्रांनी माणशी कोटा बांधून दिला. कोटा भरला की सिंक मुकाट्याने थांबतो आणि आजचं काम वर चढलंच नाही हे आठवड्याने कळतं. जागा खातो तो मजकूर नव्हे, फोटो आणि व्हिडिओ. अख्ख्या प्रबंधाचा मजकूर मोबाइलच्या एका फोटोपेक्षा कमी जागेत मावतो.

जाताना

पदवी मिळाली की काही महिन्यांत विद्यापीठाचं लॉगिन बंद होतं आणि स्वतःच्या नावावरच्या फाइली त्याबरोबर जातात. दहा वर्षांच्या प्रयोगातली मधली दोन वर्षं बहुतेक वेळा अशीच गळतात. म्हणून प्रकल्पाच्या फाइली पहिल्या दिवसापासून विभागाच्या सामाईक जागेत असाव्यात; स्वतःच्या जागेत फक्त स्वतःचे मसुदे. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘आधी हे वाचा’ नावाची साधी मजकूर फाइल हवी: कुठला प्लॉट, कुठली जात, कुठला खरीप, उत्पादन हेक्टरी क्विंटलमध्ये की एकरी, रिकामा रकाना म्हणजे शून्य की मोजलंच नाही.

हे सगळं नीट झालं का, हे तपासायचं तर आपलं लॉगिन वापरायचं नाही. पुढच्या तुकडीतल्या ज्युनिअरला त्याच्या लॉगिनने फोल्डर उघडायला सांगायचं आणि आपण गप्प बसायचं. फाइल उघडली, आकडे वाचता आले, ते कुठल्या प्लॉटचे आहेत हे एकही प्रश्न न विचारता त्याला कळलं, की मग खुशाल ‘नो ड्यूज’वर सही घ्यायला जावं.